पाण्याच्या पोटातलं ऐकणारा माणूस

चैत्र लागला की आमच्या नाशकात घरोघरी नवा माठ येतो. परवा त्याच्या ओलसर अंगावरून हात फिरवत नातीनं विचारलं, की भिंतीत मुरलेलं पाणी आत करतं तरी काय? माठ फोडून ते कळायचं नाही. मला फेलिक्स ब्लॉख आठवले.

ब्लॉख यांचा जन्म १९०५ चा, झ्युरिचच्या ज्यू कुटुंबातला. लाइपझिगला हायझेनबर्ग यांच्या हाताखाली १९२८ मध्ये ते डॉक्टर झाले. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि त्यांना जर्मनी सोडावी लागली. पुढच्या वर्षी ते अमेरिकेत स्टॅनफर्डला पोहोचले. महायुद्धात काही काळ अणुबॉम्बच्या प्रकल्पावर आणि मग हार्वर्डला शत्रूचं रडार चकवण्याच्या कामावर ते होते. तिथं रेडिओलहरींची विद्या हाती आली. युद्ध संपलं आणि ब्लॉख यांनी ती पाण्याकडे वळवली!

१९४६ मध्ये हॅन्सन आणि पॅकर्ड यांच्या साथीनं त्यांनी पाणी चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवलं. पाण्यातल्या हायड्रोजनची अणुकेंद्रं म्हणजे जणू इवलेसे चुंबकी भोवरे. रेडिओलहरींनी ते कलतात आणि क्षीण संकेत देतात. हार्वर्डच्या पर्सेल यांनीही स्वतंत्रपणे हेच साधलं. १९५२ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं.

मोकळ्या पाण्याचा संकेत दोन-तीन सेकंद रेंगाळतो. बारीक छिद्रांत मात्र भिंतींशी सलगी होऊन तो लवकर विझतो. त्यावरून छिद्र केवढं, हे कळतं. चुंबकाचं बळ जागोजागी बदलत नेलं, की द्रवाचा वेगही मोजता येतो. कच्चं तेल, चिखल, पॉलिमरची द्रावणं यांचं वागणं पाण्यासारखं सरळ नसतं. ती खडकात कुठून धावतात आणि कुठं अडतात, हे आता खडक न फोडता दिसतं. तेलविहिरींत अशी यंत्रं उतरवतात.

या विद्येचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. ब्लॉख यांच्या स्टॅनफर्डमध्ये काम केलेल्या एस. एस. धर्मट्टी यांनी अर्नोल्ड आणि पॅकर्ड यांच्यासह १९५१ मध्ये अल्कोहोलमधले हायड्रोजनचे तीन वेगळे संकेत दाखवले. पुढे त्यांनीच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या अभ्यासाचा पाया घातला.

ब्लॉख १९८३ मध्ये झ्युरिचलाच गेले. तोवर याच तत्त्वावरची एमआरआय यंत्रं दवाखान्यांत येऊ लागली होती. युद्धात शिकलेली विद्या या परागंदा माणसानं न फोडता आत पाहण्यासाठी वापरली. नातीला मी एवढंच सांगितलं, की माठातलं पाणी बोलतं, ऐकणारा हवा!