जॉन बनियन : छळणाऱ्या विचारांचा यात्रेकरू

‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ या ग्रंथाचे कर्ते जॉन बनियन यांचे नाव ख्रिस्ती वाचकांना सुपरिचित आहे. मात्र त्या ग्रंथातील निराशेची दलदल त्यांनी केवळ कल्पनेने रंगविली नव्हती. ती त्यांनी स्वतः तुडविली होती.

इंग्लंडातील बेडफर्डजवळच्या एल्स्टो या खेड्यात १६२८ साली त्यांचा जन्म झाला. भांडी दुरुस्त करण्याचा वडिलांचा धंदा त्यांनीही पत्करला. विवाहानंतर त्यांचे मन धर्माकडे वळले, आणि त्याबरोबरच विलक्षण भयांनी त्यांना घेरले. चर्चची घंटा वाजविण्याचा छंद पापमय वाटू लागल्याने त्यांनी तो सोडला व ते नुसते पाहत उभे राहू लागले. पण घंटा अंगावर कोसळेल, असे वाटे. तुळईचा आडोसा घेतला, तर ती भिंतीवर आदळून आपल्यावर येईल, ही धास्ती. दारात थांबले, तर मनोराच ढासळेल, हे भय. अखेर त्यांनी तेथे जाणेच सोडले.

पुढे याहून भयंकर छळ सुरू झाला. ज्या तारणाऱ्यावर त्यांची प्रीती होती, त्यालाच विकून टाकावे, असा विचार सुमारे वर्षभर त्यांच्या मनात घुसत राहिला. जेवताना, लाकूड फोडताना, टाचणी उचलतानाही तो येई. प्रत्येक वेळी ते नकार उच्चारीत, हातांनी ढकलल्यासारखी हालचालही करीत. एके सकाळी थकून त्यांनी झुंज सोडली, आणि आपण ख्रिस्ताला विकले, एसावाप्रमाणे आपला जन्मसिद्ध हक्क गमावला, या समजुतीने ते दीर्घकाळ तळमळले.

या लक्षणांत आजच्या काही मनोविकारतज्ज्ञांना मंत्रचळ, म्हणजेच ओसीडी हा आजार दिसतो. तीन शतकांपूर्वीच्या माणसाचे निदान खात्रीने करता येत नाही, हे खरे. परंतु रॅकमन व डी सिल्वा यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले की, नकोसे, किळसवाणे विचार बहुतेक निरोगी माणसांच्याही मनात येतात. विचार आला म्हणजे तशी इच्छा आहे, असे मानून रुग्ण त्याच्याशी झुंजतो. प्रत्येक नकाराने क्षणभर सुटका मिळते, आणि विचार अधिक बळावतो. म्हणून विचार येऊ द्यावा, पण त्याला उत्तर देऊ नये, असा सराव उपचारात करून घेतात. औषधांचाही उपयोग होतो.

बनियन यांच्या काळी हे उपचार नव्हते. गलतीकरांस पत्रावरील लूथरच्या भाष्यात त्यांना आपल्याच अवस्थेचे वर्णन सापडले. पुढे एकदा शेतातून जाताना त्यांना उमगले की, आपले नीतिमत्त्व आपल्या मनःस्थितीवर अवलंबून नसून स्वर्गात ख्रिस्ताच्या ठायी सुरक्षित आहे. स्वतःच्या मनाची झडती घेण्याचे ओझे तेथे हलके झाले.

परवानगीविना उपदेश केल्याबद्दल १६६० ते १६७२ अशी बारा वर्षे त्यांनी तुरुंगात काढली. तेथूनच १६६६ साली त्यांनी आपल्या छळाची कहाणी प्रसिद्ध केली. ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ १६७८ साली आला. १६८८ साली लंडनमध्ये त्यांचे देहावसान झाले.

आपल्या मंडळ्यांतही असे मुके दुःख भोगणारे असतात. त्यांच्यावर अविश्वासाचा ठपका ठेवू नये. त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, आणि त्यांना डॉक्टरांकडेही न्यावे.