ल्यूसी विल्स : परळमध्ये सापडलेले जीवनसत्त्व

डहाणू-तलासरीतल्या गरोदर स्त्रीला चौथा महिना लागला, की आरोग्य केंद्रातून रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. मळमळते, शौचाला काळी होते, म्हणून पुष्कळदा त्या घरी तशाच पडून राहतात. यातल्या फॉलिक ॲसिडच्या शोधाची सुरुवात इथून फार दूर नाही, मुंबईत परळला झाली. ती करणाऱ्या होत्या डॉ. ल्यूसी विल्स.

त्यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकून १९११ मध्ये त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पण त्या काळी केंब्रिज स्त्रियांना पदवी देत नसे. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत त्यांनी रुग्णसेवा केली. तिथून परतल्यावर स्त्रियांसाठीच्या लंडनमधील वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

१९२८ मध्ये त्या मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत मातामृत्यूंच्या कारणांचा शोध सुरू होता. गिरणीत राबणाऱ्या अनेक स्त्रिया गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत, धाप लागून दगावत. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या दिसत. विल्स यांनी जंतुसंसर्गाची शक्यता तपासली. शिवाय या स्त्रिया काय खातात, याचीही बारकाईने नोंद घेतली. ज्यांचे जेवण सर्वांत निकस, त्यांनाच हा आजार अधिक होतो, असे त्यांना आढळले.

तसाच आहार त्यांनी उंदरांना दिला. उंदरांचे रक्त कमी झाले खरे, पण त्यामागे उवांतून पसरलेला संसर्ग असल्याचे पुढे कळले. मग माकडांवर प्रयोग झाले. अगदी खालावलेल्या एका माकडाला मार्माइट दिले गेले. मार्माइट म्हणजे बिअर बनवताना उरणाऱ्या यीस्टचा काळपट, खारट अर्क. तो स्वस्त होता. माकड झपाट्याने सुधारले. स्त्रियांना दिल्यावर त्यांचेही रक्त वाढू लागले. १९३१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या अज्ञात घटकाला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून एक घटक वेगळा काढून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव देण्यात आले. १९४५ मध्ये येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेत ते प्रयोगशाळेत तयार झाले. विल्स यांच्या घटकाची अशी ओळख पटली.

विल्स यांचे निधन एप्रिल १९६४ मध्ये झाले. त्यांच्या जीवनसत्त्वाचे नाते रक्तवाहिन्यांशीही आहे, हे कळायचे अजून बाकी होते.

आपल्या अन्नातल्या प्रथिनांत मेथिओनिन आणि सिस्टीन ही दोन गंधकयुक्त अमिनो आम्ले असतात. शरीर मेथिओनिन वापरते तेव्हा होमोसिस्टीन तयार होते. त्याचे पुन्हा मेथिओनिन करायला फॉलिक ॲसिड आणि बी-१२ लागते. सिस्टीन करायला बी-६ लागते. यांची कमतरता पडली, की होमोसिस्टीन रक्तात साचते. १९६९ मध्ये अमेरिकेतील किल्मर मॅककुली यांनी जन्मजात दोषामुळे होमोसिस्टीन फार वाढलेल्या मुलांच्या धमन्या तपासल्या. कोवळ्या वयातच त्या म्हाताऱ्या माणसासारख्या खराब झालेल्या होत्या. पुढे मोठ्या माणसांतही जास्त होमोसिस्टीन आणि हृदयविकार, पक्षाघात यांचा संबंध दिसला.

म्हणजे फॉलिक ॲसिड खाल्ले की हृदयविकार टळला, असे मात्र नाही. मोठ्या चाचण्यांत गोळ्यांनी होमोसिस्टीन उतरले, पण हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. पक्षाघाताच्या बाबतीत थोडा फायदा दिसला. त्यामुळे रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखूकडे दुर्लक्ष करून केवळ या गोळीवर भिस्त ठेवता येणार नाही.

गरोदर स्त्रीसाठी मात्र हीच गोळी आजही जीव वाचवणारी आहे. सिकलसेलच्या रुग्णांच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात आणि नव्या सतत घडवाव्या लागतात. म्हणून त्यांनाही फॉलिक ॲसिड दिले जाते. गोळी चहाबरोबर घेऊ नये. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. शौचाचा काळा रंग लोहामुळे येतो; त्याने अपाय होत नाही. पावसाळ्यातला टाकळा, शेवग्याचा पाला आणि कडधान्ये यांतून फॉलिक ॲसिड मिळते; पण भाजी फार वेळ शिजवून पाणी फेकले, तर त्यातले बरेचसे वाया जाते. बी-१२ दूध, अंडी आणि मासळीतून मिळते, सुकटही चालते. हातापायांना मुंग्या येत असतील तर बी-१२ ची तपासणी आधी करावी. नुसत्या फॉलिक ॲसिडने रक्त सुधारलेले दिसते, पण मज्जातंतूंचे नुकसान आतून चालूच राहते.

विल्स यांनी रोगाचे मूळ गरीब स्त्रीच्या ताटात शोधले आणि तिला परवडेल असे औषध काढले. आज ते घराजवळच्या केंद्रात मोफत मिळते. ते डब्यातून पोटात जावे, एवढेच उरले आहे.