पंडिता रमाबाई: संस्थेत राहणाऱ्या माणसाची बाजू घेणाऱ्या बाई

पुणे–दौंड लोहमार्गावर दौंड तालुक्यात केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती सदनामुळे या गावाचं नाव दूरवर पोहोचलं. आज दौंडमधलं किंवा भीमेपलीकडच्या शिरूरमधलं एखादं कुटुंब आजारी आई-वडिलांना वृद्धाश्रमात ठेवायचं ठरवतं, तेव्हा घरच्यांच्या मनात एक धास्ती असतेच. आपण तिथे नसताना त्यांची बाजू कोण घेईल? रमाबाईंचं बरंचसं आयुष्य याच प्रश्नाशी झगडण्यात गेलं.

स्वतः सोसलेलं

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी मुलीला संस्कृत शिकवलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीने आई-वडील गेले. पुढे लग्न झालं, पण दोन वर्षांच्या आतच, १८८२ मध्ये, पतीचं कॉलऱ्याने निधन झालं. पदरात मनोरमा ही लहान मुलगी होती.

त्याच वर्षी पुण्यात हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. पुरुष डॉक्टरांपुढे बोलण्याच्या संकोचाने अनेक बायका उपचारांविना राहतात, म्हणून स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण द्यावं, अशी मागणी त्यांनी मांडली. स्वतः डॉक्टर व्हावं म्हणून त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. पण त्यांना ऐकू कमी येत होतं, त्यामुळे तो मार्ग बंद झाला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत पोहोचल्या.

घरच्यांचा प्रश्न

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. इंग्लंडमध्ये असतानाच रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. सदनातल्या मुलींवरही धर्माचा प्रभाव टाकला जातो, असा आक्षेप घेतला गेला. १८९३ मध्ये वाद पेटला, सल्लागार मंडळातल्या मान्यवरांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. या वादाबद्दल मतं वेगवेगळी आहेत. पण आपल्या माणसाच्या श्रद्धेला, खाण्यापिण्याला, सवयींना तिथे जागा आहे का, हा पालकांचा प्रश्न आजही कोणत्याही संस्थेला विचारायलाच हवा.

प्लेगच्या काळातली तक्रार

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० स्त्रिया आणि मुली आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध होते. त्यामुळे या सगळ्यांची सोय केडगावच्या शेतावर करावी लागली आणि तिथेच मुक्ती सदन उभं राहिलं.

त्याच सुमारास सदनातल्या एका मुलीला पुण्याच्या प्लेगच्या रुग्णालयात नेलं गेलं होतं. तिच्या बाबतीत गैरप्रकार झाला, तिथे स्त्री रुग्ण सुरक्षित नाहीत, असा आरोप रमाबाईंनी १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रातून जाहीरपणे केला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी तो फेटाळला, तरी प्रकरण ब्रिटिश संसदेपर्यंत गेलं. रुग्णालयात भरती झालेली मुलगी आपल्या जबाबदारीतून सुटली, असं त्यांनी मानलं नाही.

प्रत्येकीची गरज वेगळी

१९०० पर्यंत केडगावात दीड हजारांहून अधिक जण राहत होते. सगळ्यांना एकाच मापाने मोजलं जात नव्हतं. वृद्ध आणि अशक्त स्त्रियांसाठी प्रीती सदन होतं, अंध स्त्रियांसाठी बार्तीमी सदन. मनोरमाबाईंनी अंध स्त्रियांना ब्रेल शिकवायला सुरुवात केली. जिला जे जमेल ते काम तिला दिलं जाई: शेती, विणकाम, छपाई. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई. संस्थेचं काम मात्र त्यांच्या पश्चातही चालू राहिलं.

तुमच्या घरच्यांसाठी

वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषा केंद्रात कोणी राहत असेल तर एवढं करा:

- घरातल्या एकाने नियमित भेट द्यावी. वेळ बदलून जावं, म्हणजे जेवण, आंघोळ, औषधं यांची रोजची तऱ्हा कळते.
- रुग्णाशी एकट्याने बोला. ते उत्तर देत नसतील किंवा भलतंच बोलत असतील, तर विसरभोळेपणा ठरवण्याआधी कान तपासून घ्या. अनेकदा कारण बहिरेपणाचंच असतं.
- अंगावर व्रण, पाठीवर किंवा कमरेवर जखमा, झपाट्याने घटलेलं वजन, अचानक आलेली सुस्ती किंवा भीती दिसली तर लगेच डॉक्टरांना दाखवा.
- तक्रार लेखी द्या, तारीख घाला, पोच घ्या. मारहाण किंवा छळाचा संशय असेल तर पोलिसांत जा.
- मार्गदर्शनासाठी ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे. मुलं सांभाळ करत नसतील तर २००७ च्या कायद्यानुसार निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. ज्येष्ठांना स्वतः जाणं शक्य नसेल, तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था त्यांच्या वतीने अर्ज करू शकते.

तक्रार केली तर आपल्याच माणसाला त्रास होईल, या भीतीने अनेक घरं गप्प बसतात. अशा वेळी संस्थेच्या प्रमुखांशी बोलताना घरातल्या आणखी एकाला सोबत न्या आणि त्यानंतर भेटी कमी न करता वाढवा.