ओवीत गायलेली ख्रिस्तकथा

बायबलमधील कथा गायनातून सांगण्याची ‘ऑरेटोरिओ’ ही परंपरा सतराव्या शतकात रोममधील प्रार्थनागृहांतून आकाराला आली. १७४२ मध्ये डब्लिन येथे प्रथम सादर झालेला हँडेलचा ‘मसाया’ आणि त्यातील एकल गीते, म्हणजेच आरिया, आजही जगभर गायल्या जातात. मात्र हँडेलच्या जन्मापूर्वीच ही कथा गोव्यात मराठी ओवीत गायली जात होती. तिचे कर्ते होते फादर थॉमस स्टीफन्स.

इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात १५४९ च्या सुमारास जन्मलेले स्टीफन्स १५७५ मध्ये रोम येथे जेझुइट संघात दाखल झाले. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यात उतरले. त्यांचे उर्वरित आयुष्य प्रामुख्याने सासष्टी भागात व्यतीत झाले. तेथील मंदिरे पोर्तुगीज राजवटीने पाडली होती आणि जुन्या पोथ्यांवर बंदी होती. धर्मांतरित कुटुंबांच्या कानांवरून पुराणाचे सूर अकस्मात हरपले होते. ग्रंथारंभीच्या प्रसंगानुसार, जुनी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण का देत नाही, असा प्रश्न एका ब्राह्मण श्रोत्याने केला. स्टीफन्स यांनी त्या प्रश्नाचे उत्तर ग्रंथानेच दिले.

१६१६ मध्ये रायतूर येथे ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले. दोन भाग, ९५ अवस्वरू आणि सुमारे ११ हजार ओव्या असा त्याचा विस्तार आहे. आशय बायबलचा असला, तरी घाट संतकवींच्या परिचित ओवीचा होता. परक्या भूमीतून आलेल्या या धर्मोपदेशकाने ग्रंथात मराठीचा मुक्तकंठाने गौरव केला. १६१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेचा वापर सोडण्याचा हुकूम काढला. १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही हस्तलिखितांतून आणि भाविकांच्या कंठांतून पुराण टिकून राहिले. १९०७ मध्ये मंगळूर येथे त्याची नवी आवृत्ती निघाली. १९५६ मध्ये पुण्यात शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले.

ज्या राजवटीच्या छायेत हा ग्रंथ जन्मला, तिच्याच हुकुमापुढे तो तग धरून राहिला, तो हस्तलिखितांत जपला गेला आणि गायला जात होता म्हणून.