कान आणि कागद : लेस्टर यंग याचें चरित्र

वाद्य शिकूं पाहणाऱ्या मुलामुलींपुढें दोन वाटा असतात. एक कानाची : दुसऱ्याचें वादन ऐकावें, मनांत घोळवावें आणि मग तें आपल्या बोटांत उतरवावें. दुसरी डोळ्यांची : पांच रेघांवर मांडलेले स्वर वाचावे आणि लिहिल्याप्रमाणें वाजवावे. या दोहोंपैकीं खरी वाट कोणती, हा वाद गायकवृंदांत व बँडांत वारंवार निघतो. ज्यास या एका प्रश्नापायीं कोंवळ्या वयांत घरच्याच बँडांतून बाहेर पडावें लागलें, अशा एका थोर सॅक्सोफोनवादकाचें चरित्र जुबिलीच्या या स्मरणिकेंत आम्ही वाचकांस सादर करीत आहों.

लेस्टर यंग याचा जन्म २७ ऑगस्ट १९०९ रोजीं अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यांतील वुडव्हिल या गांवीं एका कृष्णवर्णीय कुटुंबांत झाला. त्याचें बालपण न्यू ऑर्लिअन्सच्या परिसरांत गेलें. रस्त्यानें बँडची गाडी निघाली कीं हा पोर जाहिराती वांटीत तिच्या मागें धांवत असे. वडील विलिस यंग हे संगीतशिक्षक असून त्यांस अनेक वाद्यें येत. त्यांनीं आपल्या मुलांसह एक बँड उभा केला आणि तो घेऊन ते जत्रांतून व तंबूंतल्या खेळांतून हिंडूं लागले. बहीण इर्मा सॅक्सोफोन वाजवी. लेस्टरकडे ढोल होते. पण खेळ संपल्यावर ढोलांचा पसारा आवरीपर्यंत ज्या मुलींशीं बोलावयाचें त्या निघून जात, असें तो पुढें हंसत सांगे. अखेर त्यानें ढोल सोडून आल्टो सॅक्सोफोन हातीं घेतला.

त्याचा कान इतका तल्लख होता कीं कागद वाचण्याची त्यास गरजच भासली नाहीं. बहीण आपला भाग वाजवी, तो जवळ बसून ऐके आणि लगेच उचली. समोर कागद असे, नजरही त्यावर असे, पण वाचीत असे तो कानच. वडिलांस संशय आला. एके दिवशीं त्यांनीं त्याला एकट्यालाच लिहिलेला भाग वाजवावयास सांगितलें. लेस्टरला एकही स्वर वाचतां येईना. मंडळी हंसली. वडिलांनीं त्यास बँडांतून काढलें आणि आधीं स्वरलेखन शिकून ये, असें बजाविलें.

वडिलांची कठोरता निष्कारण होती, असें आम्हांस वाटत नाहीं. त्या काळीं वाचतां न येणाऱ्या वादकास मोठ्या वाद्यवृंदांत जागा मिळणें कठीण. त्यांतून वर्णभेदाच्या त्या देशांत मुलाचें पोट कौशल्यावरच भरावयाचें होतें. परंतु मुलाच्या मनावर घाव बसला तो बसलाच. तो रडला, आणि मग जिद्दीनें अभ्यासास लागला. वाचतां येऊं लागल्यावर तो बँडांत परतला. मात्र त्यानें कान सोडला नाहीं. कागद व ग्रामोफोन या दोन्ही गुरूंपाशीं तो एकाच वेळीं शिकत राहिला.

ग्रामोफोनवरचा त्याचा आवडता वादक फ्रँकी ट्रमबावर हा होता. ट्रमबावर ‘सी-मेलडी’ जातीचा सॅक्सोफोन वाजवी. या वाद्याची गंमत येथें सांगितली पाहिजे. कागदावर ‘सी’ हा स्वर लिहिला असतां आल्टो सॅक्सोफोनमधून ‘ई फ्लॅट’ निघतो, टेनरमधून ‘बी फ्लॅट’. सी-मेलडीमधून मात्र ‘सी’च ऐकूं येतो. म्हणून पियानोवादकाच्या पुढ्यांतला कागद सी-मेलडीवाल्यास जसाच्या तसा वाचतां येतो. बोटांची ठेवण सर्वांची सारखीच असल्यानें लेस्टर पुढें आल्टोवरून टेनरवर सहज गेला. पण टेनरच्या भारदस्त नळींतून त्यास ट्रमबावरच्या वाद्याचा हलका, निर्मळ आवाज काढावयाचा होता. हें कोणत्याही कागदावर लिहून मिळण्यासारखें नव्हतें.

बँडचा दौरा दक्षिणेकडे वळणार असें दिसतांच, तेथील वर्णद्वेषास कंटाळलेल्या लेस्टरनें वयाच्या अठराव्या वर्षीं घर सोडलें. १९३४ सालीं न्यूयॉर्कमधील फ्लेचर हेंडरसन याच्या नामांकित वाद्यवृंदांत त्यास कोलमन हॉकिन्स याची जागा मिळाली. हॉकिन्सचा आवाज जाडा व घोगरा, लेस्टरचा पातळ. सहकाऱ्यांस तो रुचेना. हेंडरसनची पत्नी त्यास रोज हॉकिन्सच्या रेकॉर्डी ऐकवी. कान तोच, ग्रामोफोनही तसाच. परंतु ट्रमबावरला त्यानें आवडीनें ऐकलें होतें, हॉकिन्सला हुकुमानें. कांहीं महिन्यांतच, आपणांस काढून टाकलेलें नाहीं असें पत्र मागून घेऊन, तो बाहेर पडला.

त्याचा कान खऱ्या अर्थानें नांदला तो कॅन्सस सिटी येथील काउंट बेसी याच्या मेळ्यांत. तेथें पुष्कळशा रचना कागदावर नसतच. एक जण लहानशी लकेर धरी, बाकीचे तीस जोड देत, आणि बसलेली रचना सर्वांच्या स्मरणांत राही. १९३६ पासून निघालेल्या रेकॉर्डींनीं लेस्टरचें नांव देशभर पोंचविलें. गाणें वाजवावयाचें तर त्याचे शब्द ठाऊक असले पाहिजेत, असा त्याचा आग्रह असे. गायिका बिली हॉलिडे हिच्या स्वरांमागें त्याचा सॅक्सोफोन ऐकला म्हणजे या आग्रहाचें मर्म कळतें. १९३७ च्या उन्हाळ्यांत चार्ली पार्कर नांवाच्या सोळा वर्षांच्या तरुणानें लेस्टरचें वादन रेकॉर्डींवरून ऐकून ऐकून आत्मसात केलें. कानाचें ऋण कानानेंच असें पुढें पोंचलें.

उत्तरायुष्य सुखाचें झालें नाहीं. १९४४ सालीं तो सैन्यांत भरती झाला. तेथें त्यास वाद्यापासून दूर राहावें लागलें, आणि पुढच्या वर्षीं मादक पदार्थ बाळगल्यावरून लष्करी न्यायालयानें त्यास कारावास दिला. मद्यानेंही शरीर पोखरलें. पॅरिसहून परततांच १५ मार्च १९५९ रोजीं न्यूयॉर्कमध्यें त्याचा अंत झाला. वय अवघें ४९.

पॅरिसमध्यें मृत्यूपूर्वीं थोडेच दिवस दिलेल्या मुलाखतींत त्यानें पोरवयांतील त्या हकालपट्टीची हकीकत सांगितली होती. तीसांहून अधिक वर्षें लोटलीं, कीर्ति आली, तरी त्या दिवसाचें हंसें तो विसरला नव्हता.

आपल्याकडे याच्या उलट घडलें. गोव्यांतील पॅरिशच्या शाळांतून मुलांस आधीं स्वरवाचन शिकविलें जाई. तेथून मुंबईस आलेले वादक कोणताही कागद झरझर वाचीत. १९३० नंतर मुंबईच्या हॉटेलांत जॅझ रुजूं लागला, तेव्हां कागदावर न मावणारा त्याचा डौल त्यांस रेकॉर्डी ऐकून शिकावा लागला. लेस्टर कानाकडून कागदाकडे गेला, हे कागदाकडून कानाकडे आले, पोंचले दोघेही.

आमच्या गायकवृंदांतही एखादें मूल कागदाकडे पाहण्याचें केवळ सोंग करीत असेल. त्यास स्वर वाचावयास अवश्य शिकवावें. मात्र चारचौघांत हंसूं नये.