डोक्यावरचा घाव आणि हॅरिएट टबमन

१० मार्च हा क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांचा स्मृतिदिन. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १८९७ साली माईंनी पुण्यात प्राण सोडला. याच तारखेला, सोळा वर्षांनी, म्हणजे १९१३ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावी आणखी एका लढवय्या स्त्रीने जगाचा निरोप घेतला. हॅरिएट टबमन हे तिचे नाव. गुलामांची मुक्तिदाती म्हणून जग तिला ओळखते. परंतु पोरवयात डोक्याला झालेली जबर इजा आणि त्या इजेमागून आलेली डोकेदुखी, झोपेचे झटके व भीती सोबत घेऊन ही स्त्री जवळजवळ पाऊणशे वर्षे जगली, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

मेरीलँड राज्यातील डॉर्चेस्टर परगण्यात १८२२ च्या सुमारास एका गुलाम कुटुंबात तिचा जन्म झाला. मूळ नाव अरामिंटा रॉस. घरचे मिंटी म्हणत. गुलामाच्या लेकराला बालपण कुठले? लहान असतानाच मालकाने तिला दुसऱ्यांच्या घरी राबायला भाड्याने दिले. तिथे चाबकाचे वळ अंगावर उमटले, ते मरेपर्यंत गेले नाहीत. तिच्या तीन बहिणी दूर दक्षिणेत विकल्या गेल्या, त्या पुन्हा घरी आल्या नाहीत.

बारा-पंधरा वर्षांची असताना बकटाऊन येथील दुकानात ती गेली होती. परवानगीशिवाय शेत सोडून आलेला एक गुलाम तिथे होता. त्याला बांधायला मदत कर, असा हुकूम मुकादमाने मिंटीला केला. तिने नकार दिला. तो गुलाम पळाला, तेव्हा मुकादमाने तराजूतले दोन पौंडांचे वजन त्याच्यावर भिरकावले. ते लागले मिंटीच्या डोक्याला. कवटी फुटली. डॉक्टर नाही, औषध नाही. जेमतेम दोन दिवस पडून राहिल्यावर रक्त आणि घाम गाळीत ती पुन्हा शेतात उभी होती. मालकाने तिला विकायला काढले, पण अशा दुखणाईत पोरीला गिऱ्हाईक मिळेना.

डोक्याला मार बसून मेंदू हादरला की वरची जखम भरते, आतली लवकर भरत नाही, हे आज वैद्यकशास्त्र सांगते. डोके ठणकते, आवाज सोसवत नाही, झोपेची घडी मोडते, लहानशा गोष्टीने छातीत धडधड होते, आता पुढे काय होईल याची काळजी मनाला सोडत नाही. बघणाऱ्याला मात्र माणूस धडधाकट दिसतो. म्हणून तो त्याला आळशी, वेडसर किंवा भित्रा ठरवून मोकळा होतो. मिंटीच्या वाट्याला हेच आले. बोलता बोलता तिला एकाएकी झोप लागे. जाग आली की पुढचे बोलणे सुरू होई. स्वप्नात घोडेस्वार येत, आयांपासून लेकरे ओढून नेली जात, बायकांच्या किंकाळ्या ऐकू येत. यातली किती भीती मेंदूच्या इजेची आणि किती उद्या आपण विकले जाऊ या धास्तीची, हे वेगळे काढता येत नाही. दोन्हींचा कर्ता एकच होता, तो म्हणजे गुलामगिरीची व्यवस्था! हॅरिएट श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. आपल्याला दिसणारी दृश्ये त्या ईश्वराचा संदेश मानीत. आजचे अभ्यासक त्यात अपस्माराची खूण पाहतात.

१८४४ साली जॉन टबमन यांच्याशी लग्न झाले. पुढे त्यांनी आईचे हॅरिएट हे नाव घेतले. १८४९ साली मालक मेला आणि विकले जाण्याचा धोका दाराशी आला. दोन भावांसह त्या पळाल्या. भाऊ घाबरून फिरले, तेव्हा त्यांनाही परतावे लागले. नंतर त्या एकट्या निघाल्या आणि फिलाडेल्फियाला पोहोचल्या. स्वतः सुटल्यावर गप्प बसल्या असत्या तर त्यांना कोण दोष देणार होते? पण त्या सुमारे तेरा वेळा मेरीलँडमध्ये परत गेल्या आणि जवळजवळ सत्तर माणसे सोडवून आणली. १८५० च्या कायद्याने उत्तरेतही पळालेल्या गुलामांना पकडून देण्याची सक्ती झाली, तेव्हा त्यांनी माणसे थेट कॅनडात पोहोचवली.

भीती गेली होती म्हणून हे जमले, असे समजण्याचे कारण नाही. त्यांनी भीतीचा बंदोबस्त केला. रात्री मोठ्या असतात म्हणून हिवाळा निवडला. सोमवारपूर्वी पळालेल्यांच्या जाहिराती छापता येत नाहीत म्हणून शनिवारी रात्री निघण्याचा रिवाज ठेवला. रडणाऱ्या तान्ह्यांसाठी गुंगीचे औषध जवळ ठेवले. विल्मिंग्टनचे थॉमस गॅरेट, फिलाडेल्फियाचे विल्यम स्टिल यांच्यासारखे सोबती जोडले. वाटेत झोपेचा झटका आला तर बरोबरची माणसे त्या जाग्या होईपर्यंत थांबत, असे चरित्रकार सांगतात. जिचा जीव कधीही दगा देईल अशा बाईवर लोकांनी जीव सोपवला आणि त्या विश्वासाला तडा गेला नाही.

यादवी युद्धात त्यांनी परिचारिका, टेहळणी आणि हेर अशी कामे केली. २ जून १८६३ रोजी दक्षिण कॅरोलिनात कंबाही नदीवरील मोहिमेत त्या वाटाड्या होत्या. त्या एका मोहिमेत सातशेहून अधिक गुलाम मुक्त झाले. तरी सरकारने पेन्शनसाठी तिष्ठत ठेवले. १८९५ साली मिळाले ते महिना आठ डॉलर, तेही दिवंगत पतीच्या सेवेबद्दल. १८९९ साली ते वीस झाले. डोक्यातल्या वेदनांनी झोप अशक्य झाली, तेव्हा १८९० च्या दशकाच्या अखेरीस बोस्टनमध्ये त्यांच्या डोक्यावर शस्त्रक्रिया झाली. इजा झाल्यानंतर तब्बल साठ वर्षांनी उपचार!

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. हॅरिएट गेल्या त्याच वर्षी, जुलैमध्ये, बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला उतरले. तेव्हा हे चरित्र आपल्याला परके नाही.

आज आपल्या वस्तीत डोक्यावर काठी खाल्लेला अत्याचारग्रस्त आहे, परातीवरून पडलेला बांधकाम मजूर आहे, नवऱ्याने भिंतीवर डोके आपटलेली बहीण आहे. पंचनाम्यात टाके मोजले जातात, भीती मोजली जात नाही. महिन्याभराने ते कामाला जात नाहीत, गर्दीला बिचकतात, रात्री दचकून उठतात, तेव्हा आपलेच लोक त्यांना ढोंगी म्हणतात, नाहीतर अंगारे-धुपारे करायला भगताकडे नेतात. बाबासाहेबांचे अनुयायी म्हणवणाऱ्यांना हे शोभत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. तो हक्क मागायला त्यांच्यासोबत सरकारी रुग्णालयापर्यंत चालत जाणे, डॉक्टरांना जखमेइतकीच भीतीचीही नोंद करायला लावणे, आणि ते सावरेपर्यंत वाट पाहणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. हॅरिएटसाठी काळोख्या रानात पळते गुलाम थांबले होते. आपण तर स्वतंत्र नागरिक आहोत.

सावित्रीमाई आणि हॅरिएट टबमन, दोघींनाही विनम्र अभिवादन!