क्ष-किरणांचे जनक विल्हेल्म राँटगेन : झडपेतील कॅल्शियमही दाखविणारा शोध

पेरुंगुडी (चेन्नई) : येथील रुग्णालयात हृदयाची झडप बदलून घेण्यासाठी येणाऱ्या वृद्ध रुग्णाला बहुधा आधी सीटी स्कॅनला सामोरे जावे लागते. महाधमनीच्या झडपेवर कॅल्शियम किती व कोठे साचले आहे, हे त्यातून कळते. या तपासणीचे मूळ जर्मन भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म राँटगेन यांच्या शोधात आहे.

राँटगेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी लेनेप येथे कापड व्यापाऱ्याच्या घरी झाला. बालपण नेदरलँड्समध्ये गेले. शिक्षकाचे व्यंगचित्र काढणाऱ्या सोबत्याचे नाव न सांगितल्यामुळे त्यांना उट्रेक्टच्या शाळेतून काढण्यात आले, असे सांगितले जाते. पुढे झुरिकमध्ये त्यांनी यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले व १८६९ मध्ये डॉक्टरेट मिळविली.

८ नोव्हेंबर १८९५ च्या सायंकाळी वुर्झबर्गच्या प्रयोगशाळेत काळ्या पुठ्ठ्याने झाकलेली विद्युत नळी सुरू असताना काही अंतरावरील रासायनिक पडदा चमकू लागला. त्यानंतर कित्येक आठवडे ते प्रयोगशाळेबाहेर क्वचितच पडले. २२ डिसेंबरला पत्नी बर्था यांच्या हाताचे छायाचित्र घेतले गेले. त्यात हाडे व अंगठी गडद दिसत होती, मांस मात्र पुसट होते. हाडांतील कॅल्शियम हे किरण अधिक शोषून घेते, म्हणून असे घडते.

कठीण झालेली झडप सीटी स्कॅनमध्ये उठून दिसते, तीही याच कारणाने. हृदयाची शक्ती क्षीण असल्यास सोनोग्राफीवर झडपेचे आकुंचन सौम्य भासू शकते. अशा वेळी कॅल्शियमचा गुणांक निर्णायक ठरतो. पुरुषांत सुमारे २,०००, तर स्त्रियांत १,२०० हून अधिक गुणांक तीव्र आकुंचनाकडे बोट दाखवितो. कॅथेटरद्वारे झडप बसवायची असल्यास कॅल्शियमची जागाही महत्त्वाची. खडबडीत थरामुळे नवी झडप नीट न बसता कडेने रक्त गळू शकते.

राँटगेन यांनी या शोधाचे पेटंट घेतले नाही. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्याची रक्कम त्यांनी वुर्झबर्ग विद्यापीठाला दिली. पहिल्या महायुद्धानंतरच्या चलनवाढीत त्यांची बचत आटली. १९१९ मध्ये बर्था यांचे निधन झाले. आतड्याच्या कर्करोगाने १० फेब्रुवारी १९२३ रोजी राँटगेन यांनी म्युनिक येथे अखेरचा श्वास घेतला.